रेडॉन मोजायचा कोणी आणि कोणासाठी?

(कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



या अभ्यासवर्गाच्या विषयपत्रिकेवर वेतन, कंत्राटी पद्धत आणि श्रमसंहिता हे विषय आहेत. त्यांच्या पंक्तीला 'रेडॉन वायूचे मोजमाप' हा विषय बसलेला पाहून तो वाट चुकून आला असावा, असे काहींना वाटले असेल. विषय पदार्थविज्ञानाचा आणि बोलणारा अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालेला. तरीही मी हा विषय मुद्दाम मागून घेतला. कारखान्यात काय मोजले जाते, ते कोण मोजतो आणि मोजलेला आकडा कोणाच्या कपाटात जातो, हे प्रश्न अर्थशास्त्राचे आहेत आणि म्हणूनच राजकारणाचेही आहेत. आपला पगार किती, हे कामगाराला महिन्याच्या महिन्याला कळते. वर्षभरात आपल्या फुप्फुसात काय गेले, हे त्याला कोणी सांगत नाही. या दुसऱ्या आकड्यावर कामगाराचा हक्क पगाराच्या आकड्याइतकाच आहे, एवढेच मला आज मांडावयाचे आहे.

प्रथम हा वायू काय आहे ते पाहू. खडकांत आणि मातीत युरेनियम कमीअधिक प्रमाणात सर्वत्र असते. त्याच्या विघटनाच्या साखळीत रेडियम तयार होते आणि रेडियमपासून रेडॉन. या वायूला रंग नाही, वास नाही, चव नाही. त्याचे अर्धायुष्य ३.८ दिवसांचे, म्हणजे तेवढ्या काळात त्याचे निम्मे अणू विघटित होतात. श्वासाबरोबर आत गेलेला बहुतेक वायू उच्छ्वासाबरोबर बाहेरही पडतो. खरा धोका त्याच्या अपत्यांचा आहे. रेडॉनच्या विघटनातून पोलोनियम, शिसे आणि बिस्मथ यांचे किरणोत्सर्गी अणू जन्माला येतात. ते घन असतात, धुळीच्या कणांना चिकटतात आणि त्यांच्यासह श्वासनलिकेच्या अस्तरावर जाऊन बसतात. तेथे ते अल्फा कण सोडतात. अल्फा कण साध्या कागदानेही अडतो, पण फुप्फुसाच्या आत कागद धरायचा कोणी? आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ साली रेडॉनला मानवात निश्चितपणे कर्करोग घडविणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले.

कारखान्यात हा वायू कोठून येतो? युरेनियमची खनिजे दळणारे आणि त्यांवर प्रक्रिया करणारे कारखाने हे उघड उदाहरण. पण फॉस्फरिक आम्ल आणि फॉस्फेटची खते करणाऱ्या कारखान्यांत येणाऱ्या खडकातही युरेनियम आणि रेडियम असते. प्रक्रियेत रेडियमचा मोठा वाटा जिप्समबरोबर जातो आणि काही भाग नळांच्या व गाळण्यांच्या आत पापुद्र्यासारखा साचतो. भूगर्भातील पाणी उपसून हवेशी खेळवणाऱ्या जलशुद्धीकरण केंद्रांत पाण्यात विरघळलेला रेडॉन बंद दालनात मोकळा होतो. मोनाझाइट वाळूपासून थोरियम काढणाऱ्या कारखान्यात रेडॉनचा भाऊबंद थोरॉन असतो. तळघरे, बोगदे आणि वारा न खेळणारी गोदामे ही त्याची आवडती ठिकाणे. याचा अर्थ प्रत्येक खत कारखान्यातील हवा घातक आहे, असा मुळीच नाही. जेथे हवा चांगली खेळते तेथे रेडॉन बहुधा कमीच आढळतो. परंतु 'बहुधा' या शब्दावर कोणाचे आयुष्य सोपवता येत नाही, म्हणून मोजायचे.

आता इतिहासाकडे वळू. बोहेमियातील याखिमोव्ह, म्हणजे जर्मनांचे योआखिम्स्टाल, हे गाव सोळाव्या शतकात चांदीच्या खाणींसाठी वसले. तेथील चांदीच्या नाण्याला 'थालर' म्हणत आणि 'डॉलर' हा शब्द त्यातूनच आला. जगाच्या बाजारावर राज्य करणाऱ्या चलनाचे नाव ज्या दरीतून आले, त्याच परिसरातले खाणकामगार पिढ्यान् पिढ्या छातीच्या एका अनामिक रोगाने मरत होते. डोंगराच्या दुसऱ्या अंगाला असलेल्या सॅक्सनीतील श्नीबर्ग येथील कामगारांचा हा रोग फुप्फुसाचा कर्करोग आहे, असे हार्टिंग आणि हेस्से या दोन डॉक्टरांनी १८७९ साली दाखवून दिले. म्हणजे रोग ठाऊक होऊन आता जवळजवळ दीड शतक झाले आहे. रोग ठाऊक असूनही कामगार का मरत राहिले, याची दोन उदाहरणे मी देतो. एक भांडवलशाही राष्ट्रातले आहे आणि एक कामगारांच्या नावाने चालणाऱ्या राज्यातले.

अमेरिकेत कोलोराडो पठारावर अणुबॉम्बसाठी युरेनियमच्या खाणी धडाक्याने सुरू झाल्या. तेथे राबणाऱ्यांत नावाहो आदिवासी मोठ्या संख्येने होते. सरकारच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने १९५० पासून या कामगारांची तपासणी आणि खाणींतील हवेचे मोजमाप सुरू केले. मोजमापात दोष नव्हता, आकडे भयंकर होते. परंतु खाणींत प्रवेश मिळावा म्हणून एक अट मान्य केली गेली होती : कामगारांना धोक्याची कल्पना द्यायची नाही. डॉक्टर रक्त तपासत, हवा तपासत, वह्या भरत; आणि ज्याच्या छातीचा प्रश्न होता तो दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच बोगद्यात उतरत असे. सर्व सरकारी कंत्राटदारांना लागू होणारी मर्यादा मजूरमंत्री विलर्ड विर्ट्झ यांनी घातली ती १९६७ साली. मध्ये सतरा वर्षे गेली.

पुढे काय झाले, ते आपल्यासारख्यांनी नीट ध्यानात घ्यावे. १९९० साली अमेरिकी काँग्रेसने नुकसानभरपाईचा कायदा केला. कामगाराला एक लाख डॉलर मिळणार होते, परंतु त्यासाठी त्याला विशिष्ट प्रमाणात रेडॉनची बाधा झाली होती हे सिद्ध व्हावे लागे. धूम्रपान न करणाऱ्यासाठी हे प्रमाण २०० 'वर्किंग लेव्हल मंथ' होते आणि करणाऱ्यासाठी त्याहून अधिक. जो आकडा कामगाराला कधी दिलाच नव्हता, तो आता त्याच्याकडून पुरावा म्हणून मागितला गेला! २००० साली दुरुस्ती होऊन ही अट ४० वर आली आणि खनिज दळणाऱ्या कारखान्यांतील कामगारांचा समावेशही तेव्हाच झाला. तोवर त्यांची गणतीच नव्हती.

दुसरे उदाहरण पूर्व जर्मनीतले. १९४६ साली सोव्हिएत अण्वस्त्रांसाठी 'विस्मुट' हा प्रचंड उद्योग उभा राहिला. तेथे सुरुवातीची वर्षे कोरडे छिद्रण चाले, हवा खेळवण्याची धड सोय नसे आणि १९५५ पर्यंत रेडॉनचे पद्धतशीर मोजमापच नव्हते. नंतर मोजमाप झाले, तेही गुप्त राहिले. त्याच काळात चेकोस्लोव्हाकियाच्या कम्युनिस्ट राजवटीने याखिमोव्हच्या खाणींत राजकीय कैदी राबवले. १९९० नंतर विस्मुटचे दप्तर उघडले गेले, तेव्हा सुमारे ५९,००० माजी कामगारांचा अभ्यास करणे शक्य झाले. त्यांपैकी सुमारे ४,००० जण केवळ प्रक्रिया कारखान्यांत काम केलेले होते. पण मोजमापापूर्वीच्या वर्षांसाठी कोण कोणत्या ठिकाणी किती काळ होता, यावरून अंदाजच बांधावे लागले. नुसते राष्ट्रीयीकरण म्हणजे समाजवाद नव्हे, असे भारतीय समाजवादी चळवळ पूर्वीपासून सांगत आली आहे. त्याचा याहून कडवट पुरावा मला दुसरा ठाऊक नाही. यंत्रांची मालकी समाजाकडे गेली असे कागदोपत्री लिहिले, तरी आकड्याची मालकी कामगाराकडे आली नाही, तर त्याच्या फुप्फुसांना काहीच फरक पडत नाही.

आता मोजण्याच्या एककाकडे या, कारण एककातही एक सामाजिक करार दडलेला असतो. मघाशी मी 'वर्किंग लेव्हल मंथ' म्हणालो. एका ठरावीक तीव्रतेच्या हवेत एक महिना काम केले, की एक एकक भरते. हा महिना किती तासांचा धरला आहे? १७० तासांचा. बारा महिन्यांचे २,०४० तास होतात, म्हणजे आठवड्याला साधारण ४० तास. अशीच गोष्ट बेकरेलची. एका घनमीटर हवेत दर सेकंदाला किती अणू विघटित होतात, ते बेकरेलमध्ये सांगतात. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या २०१४ च्या मानकांत घरांसाठी कमाल संदर्भ पातळी ३०० बेकरेल आणि कामाच्या ठिकाणासाठी १,००० बेकरेल आहे. युरोपीय संघाने २०१३ च्या निर्देशात कामाच्या ठिकाणासाठीही ३०० हीच कमाल पातळी धरली.

घराला ३०० आणि कारखान्याला १,००० का, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर तासांत आहे. माणूस वर्षाला सुमारे ७,००० तास घरात आणि २,००० तास कामावर असतो, असे गृहीत धरले, तर ७,००० गुणिले ३०० म्हणजे २१ लाख आणि २,००० गुणिले १,००० म्हणजे २० लाख. दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या. हिशेब प्रामाणिक आहे, परंतु त्याचा पाया २,००० तासांचा आहे. आता आपल्याकडचे गणित करा. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातील रोजच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत आणि तिमाहीतील जादा कामाची मर्यादा ११५ तासांवरून १४४ तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याला ४८ तासांप्रमाणे ५० आठवड्यांचे २,४०० तास आणि वर्षाचे जादा कामाचे ५७६ तास मिळून २,९७६ तास होतात. म्हणजे १,००० बेकरेलच्या जागी ६७२ बेकरेल धरले, तरच हिशेब मूळ पातळीवर राहील. ही सारी बेरीज कायद्यात बसणारी आहे. हजेरीपटावर न येणारे तास मी यात धरलेलेच नाहीत. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी आठवड्याची सुटी मागितली ती १८८४ साली, मिळाली १८९० साली. कामाचे तास हा वेतनाइतकाच शरीराचाही प्रश्न आहे, हे त्या पिढीला कळत होते. तास वाढवताना हवेची मर्यादा त्या प्रमाणात खाली आणा, अशी मागणी मात्र आपण अजून केलेली नाही.

यानंतर प्रत्यक्ष मोजमापाची रीत. एक पद्धत तात्काळ नमुन्याची. कुस्नेट्झ पद्धतीत पाच मिनिटे हवा गाळणीतून ओढतात आणि ४० ते ९० मिनिटांनी त्या गाळणीवरील अल्फा कण मोजतात. ही पद्धत उपयुक्त आहे, पण ती त्या पाच मिनिटांचेच सत्य सांगते. त्या वेळी पंखे सुरू होते की बंद, दारे उघडी होती की लावलेली, रात्रपाळी होती की साहेबांच्या भेटीची वेळ, यावर आकडा पालटतो. दुसरी पद्धत छोट्या डबीत ठेवलेल्या विशिष्ट प्लास्टिकच्या फिल्मची. अल्फा कण तिच्यावर सूक्ष्म ओरखडे पाडतात. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी फिल्म कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात ठेवली, की ते ओरखडे मोठे होतात आणि मोजता येतात. या डबीला वीज लागत नाही, तिचा आवाज होत नाही आणि ती रात्रंदिवस साक्ष देत राहते. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी रेडॉन, थोरॉन आणि त्यांची अपत्ये वेगवेगळी मोजणारे साधे मापक विकसित केले आहेत. म्हणजे ज्ञान परदेशातून आणावे लागणार नाही. ते ट्रॉम्बेला आहे.

परंतु डबी कोठे टांगायची? थोरॉनचे अर्धायुष्य एका मिनिटाहून कमी आहे. उगमापासून चार पावले दूर गेले, की त्याचे प्रमाण झपाट्याने घटते. दालनाच्या प्रवेशद्वारी टांगलेली डबी आणि टाकीत उतरून पापुद्रे खरवडणाऱ्या माणसाच्या छातीवरची डबी यांचे आकडे एक नसतात. सरासरी काढली, तर वर्षातून वीस दिवस टाकीत उतरणारा माणूस तिच्यात हरवून जातो. पश्चिम महाराष्ट्रातील ऊसउत्पादकाला हे राजकारण शिकवावे लागत नाही. काटामारी काय असते, ते त्याला ठाऊक आहे. म्हणूनच तो म्हणतो की, माझी गाडी बाहेरच्या काट्यावर मोजू द्या. कारखान्यातील हवेचा काटाही मालकाच्या अंगणातच असतो. मालक प्रामाणिक असेल. तरीही दुसऱ्या काट्यावर मोजण्याचा अधिकार कामगाराला असला पाहिजे.

आपल्या देशात अलुवा येथे इंडियन रेअर अर्थ्सच्या कारखान्यात १९५२ पासून मोनाझाइटवर प्रक्रिया सुरू झाली. सिंहभूममधील जादूगुडा येथे १९६७ साली स्थापन झालेल्या युरेनियम कॉर्पोरेशनने खाण आणि प्रक्रिया कारखाना चालवला. तेथील संथाळ आणि हो आदिवासींच्या प्रकृतीविषयीचा वाद अनेक वर्षे चालला. एका पक्षाने रोग दाखवले, दुसऱ्या पक्षाने मर्यादेत असलेले आकडे दाखवले. या वादाचा निकाल मी येथे देणार नाही. मला त्याच्या स्वरूपाविषयी बोलायचे आहे. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याने माहितीवर गुप्ततेचे बंधन घालण्याचा अधिकार सरकारला दिला होता, आणि नियामक मंडळ व उत्पादक हे दोघेही एकाच व्यवस्थेच्या छपराखाली होते. २०१२ साली भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनीही नियामक मंडळाच्या या परावलंबनावर बोट ठेवले. अशा स्थितीत आकडा खरा असला, तरी त्याच्यावर विश्वास बसत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने अणुऊर्जेचा नवा कायदा संमत करून या क्षेत्राचे दार खासगी भांडवलाला उघडले. काल गुप्ततेला राष्ट्रहिताचे कारण होते, उद्या व्यापारी गुपिताचे होईल. कामगाराच्या दृष्टीने कपाट तेच, फक्त कुलूप बदललेले.

भरपाईचा कायदाही पाहा. १९२३ च्या कायद्यात आयनकारी किरणांमुळे होणारे सर्व रोग व्यावसायिक रोगांच्या यादीत आले. ही चांगली गोष्ट आहे. परंतु त्या गटातील रोगांसाठी एकाच मालकाकडे सलग सहा महिने नोकरी झालेली असावी लागते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने हीच चौकट पुढे नेली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये श्रमसंहिता लागू झाल्या. टाकी साफ करणारा कामगार कोण असतो? कंत्राटी. त्याचा कंत्राटदार किती महिन्यांनी बदलतो, ते तुम्ही माझ्याहून अधिक जाणता. आणि फुप्फुसाचा कर्करोग पंधरा-वीस वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा प्रकट होतो. तेव्हा कंत्राटदार नसतो, हजेरीपट नसतो, आणि आकडा तर कधी नव्हताच. के. विल्यम कॅप या अर्थशास्त्रज्ञाने १९५० साली खासगी उद्योगाच्या सामाजिक खर्चावर ग्रंथ लिहिला. उद्योगाचा जो खर्च ताळेबंदात दिसत नाही तो नाहीसा होत नाही, तो दुसऱ्याच्या माथी जातो, हा त्याचा मुख्य सिद्धान्त. पंख्याच्या विजेचे बिल या महिन्याच्या खर्चात दिसते. वीस वर्षांनंतरचा कर्करोग कोणत्याच महिन्याच्या खर्चात दिसत नाही. म्हणून पंखा बंद ठेवणे 'स्वस्त' ठरते.

आपल्यापुढे दोन आक्षेप येतील. पहिला असा की, हा माणूस विडी ओढत होता, दोष कारखान्याचा कसा? तंबाखू आणि रेडॉन एकत्र आले, की धोका नुसत्या बेरजेहून अधिक वाढतो, असे खाणकामगारांच्या अभ्यासांतून दिसले आहे. म्हणजे विडी ओढणाऱ्याला रेडॉनपासून अधिक जपायला हवे. त्याची विडी ही मालकाची सुटका होऊ शकत नाही. दुसरा आक्षेप असा की, कामगार आळीपाळीने बदलले, तर कोणीच मर्यादेच्या वर जाणार नाही. संरक्षणाची आजची सारी मांडणी असे मानते की, धोका मात्रेच्या प्रमाणात असतो आणि अगदी सुरक्षित अशी मात्रा नसते. मग दहा माणसांची मात्रा चाळीस माणसांत वाटल्याने धोक्याची बेरीज घटत नाही. तो फक्त इतका पातळ होतो की कोणाच्याच नावावर दिसत नाही.

तेव्हा मागण्या कोणत्या? जेथे रेडॉन वा थोरॉन असण्याचा संभव आहे, तेथे मोजमाप दालनाबरोबर माणसाचेही व्हावे. सर्व पाळ्यांत, सर्व ऋतूंत, आणि सफाई व दुरुस्तीच्या काळात तर अवश्य. कंत्राटी कामगाराची नोंद कंत्राटदाराकडे नव्हे, तर मूळ कारखान्याकडे राहावी आणि ती आयुष्यभर जपली जावी. प्रत्येकाला त्याचा आकडा त्याच्या भाषेत, लेखी, त्याचे तास नमूद करून मिळावा. डब्या लावताना व काढताना कामगारांचा प्रतिनिधी हजर असावा आणि जोडीची एक डबी विद्यापीठासारख्या बाहेरच्या प्रयोगशाळेत जावी. आकडा वाढला, तर हवा सुधारावी, माणूस काढू नये. ही शेवटची मागणी सर्वांत महत्त्वाची आहे. आकडा वाढला म्हणून नोकरी जाणार असेल, तर कामगार स्वतःच डबी घरी ठेवून येईल, आणि त्याला दोष देता येणार नाही.

भोपाळनंतर १९८७ साली कारखाने कायद्यात धोक्याची माहिती कामगाराला देण्याचे बंधन आले. हजारो माणसे मेल्यावर मिळालेला तो अधिकार होता. रेडॉनने भोपाळसारखी एका रात्रीत माणसे मरत नाहीत. ती वीस वर्षांच्या अंतराने, वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या इस्पितळांत, एकेकटी मरतात. त्यांचा मोर्चा निघत नाही आणि वर्तमानपत्रात बातमी येत नाही. म्हणून येथे आंदोलनाची सुरुवात शोकसभेपासून होणार नाही. ती एका साध्या प्रश्नापासून करावी लागेल, आणि तो प्रश्न आपल्या संघटनेच्या पुढच्या प्रत्येक मागणीपत्रात मला पाहावयाचा आहे : आमच्या हवेचा आकडा किती आहे, तो कोणी मोजला, आणि तो आम्हांला केव्हा देता?